शेवटून दुसरं घर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्ट्रॉबेरी अंगावर येते. हिवाळाभर लाडात पिकणारं फळ ऊन तापलं की भराभर लाल व्हायला लागतं, आणि मग तोडणाऱ्याने कमरेचा विचार करायचा नाही. माझे मालक चिबा-सान, त्यांची प्लास्टिकची सहा हरितगृहं. आसपासच्या बहुतेकांनी रोपं टेबलाच्या उंचीवर नेली, पण हे जुन्या वळणाचे, त्यांचे वाफे जमिनीवरच. दोन बोटं आणि अंगठा, देठ नखाने खुडायचा, फळ चिमटायचं नाही. पहाटे पाच ते नऊ मी ओणवा. नऊ वाजता सरळ झालो की झाओच्या डोंगरावरचा उरलेला बर्फ दिसायचा, आणि पाठ अजून सरळ होते याचंच मला नवल वाटायचं.

रोज चार तास, आठवड्याचे अठ्ठावीस. त्यापुढे एक तासही नाही, कारण माझ्या जपानी रहिवासी कार्डावर ‘कुटुंबीय’ असं लिहिलं आहे. म्हणजे या देशात मी नयनाचा नवरा म्हणून राहतो. सहा वर्षांपूर्वी नयनाच्या कार्डावर हेच होतं आणि ती माझी बायको म्हणून राहत होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

कर्ज आम्हा दोघांच्या डोक्यावर होतं, शिक्षणाचंच. माझं मोठं, चिंचवडचा बाबांचा फ्लॅट तारण ठेवून काढलेलं. सेंदाईच्या विद्यापीठात पीएच.डी.ला आलो. साडेतीन वर्षांनी प्रोफेसर निवृत्त झाले, पैसे आटले, आणि मी पदवीशिवाय बाहेर पडलो. नयनाचं कर्ज माझ्या निम्मं. माझ्यामागून आली आणि तिने सेंदाईतच शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. ते कर्ज काढताना मी म्हणालो होतो, “एका घरात दोन कर्जं कशाला? हौस म्हणून वाचायचं तर लायब्ररी आहे की.” हे वाक्य तिने मला पुन्हा कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर फिट्टंफाट झाली असती.

मग या ओनोसावाची जाहिरात आली. सेंदाईहून आधी लोकल, मग बस, दीड तासाचं गाव. माध्यमिक शाळेला इंग्रजीचा शिक्षक हवा होता. पाच वर्षं शिकवलं तर शिक्षणाचं कर्ज गाव फेडणार, दर वर्षी पाचवा हिस्सा, मग कर्ज कुठल्या का देशातलं असेना. अट अशी की शिक्षकाने गावातच राहायचं आणि वस्तीच्या सामायिक कामाला त्याच्या घरचं माणूस हजर हवं. तसा दाखला दर एप्रिलअखेर वस्तीच्या प्रमुखाच्या शिक्क्यानिशी द्यायचा. शिक्का नाही तर त्या वर्षीचा हिस्सा नाही.

अर्ज दोघांनी केला. माझी निवड झाली तर मोठं ओझं उतरेल, हे मी तिला दहा वेळा पटवलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. नमुना पाठाला मी फळ्यावर कर्मणी प्रयोग मांडला. रेघा सरळ, अक्षर छापल्यासारखं. मुलं इतकी चिडीचूप बसली की मला वाटलं, जिंकलो. माझ्यानंतर नयनाने पिशवीतून एक मुळा, दोन कांदे आणि माझा एक पायमोजा काढून टेबलावर दुकान मांडलं. मोज्याचा भाव करता करता अख्खा वर्ग उठून उभा राहिला. निवड तिची झाली. मोजा माझा होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. दोन हिस्से गावाने भरले होते. माझ्या स्ट्रॉबेरीतून माझं व्याज निघायचं, मुद्दल जागचं हलायचं नाही. आणि गावात मला नाव नव्हतं. दुकानात, पोस्टात, बसस्टॉपवर मी ‘सेन्सेईंचे यजमान’, म्हणजे शिक्षिकाबाईंचा नवरा. सातवीतली पोरंसुद्धा मला वाकून तेच म्हणायची. मला जळायला तेवढं पुरत होतं. तरी खरा जळफळाट एप्रिलमध्ये व्हायचा, कारण वस्तीचं सामायिक काम म्हणजे पाट साफ करणं. भातखाचरांत पाणी सोडायच्या आधी प्रत्येक घराने आपल्या हद्दीतल्या पाटाचा गाळ काढायचा. दोन्ही वर्षं ते मीच केलं होतं. चिखल माझा आणि शिक्का तिचा.

या वर्षी मात्र नयना म्हणाली, “पाटावर मी जाणार.”

“तुला जमणार नाही. गाळ जड असतो.”

“जमेल तेवढं काढीन. दाखल्यावर माझं नाव असतं, मग फावडं तुझ्या हातात का? आणि तू त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीस.”

तिने वीस तारखेचा रविवार फोनमध्ये टाकून ठेवला आणि दुकानातून रबराचे नवे हातमोजे आणले.

वस्तीत अकरा घरं. सगळ्यांना कळवायचं काही असलं की काइरानबान फिरतो. म्हणजे एक साधा क्लिपबोर्ड, त्याला नोटिसा लावलेल्या. वाचायचं, आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि बोर्ड पुढच्या दारात ठेवायचा. आमचं घर दहावं. अकरावं किकुची आजींचं, वय चौऱ्याऐंशी, एकट्या राहतात. त्यांच्याकडून बोर्ड परत वस्तीच्या प्रमुखाकडे, म्हणजे चिबा-सानकडेच जातो. मालक तेच, प्रमुख तेच, त्यामुळे मला दिवसातून दोनदा वाकायची सोय होती.

गुरुवारी दहाच्या सुमाराला मी आंघोळ करून नखांतला लाल रंग ब्रशने काढत होतो. दारात बोर्ड वाजला. नयना शाळेत. मी बोर्ड आत आणला. सगळ्यात वर गावचं मासिक पत्रक होतं आणि त्याच्या पहिल्या पानावर नयना. फळ्यासमोर उभी, खडू हातात, हसते आहे, मागे मुलांचे वर गेलेले हात. खाली दोन रकाने मजकूर. मला जपानी तिच्यापेक्षा जास्त वाचता येतं, म्हणून मी शेवटपर्यंत वाचलं. शेवटी होतं: सेन्सेईंचे यजमान घरकामात मदत करतात.

पत्रकाखाली एक चिठ्ठी होती. पुढच्या आठवड्यात पाऊस आहे, म्हणून पाटाचं काम वीसऐवजी तेरा तारखेला, रविवारी सकाळी सातला.

ही चिठ्ठी मी वाचली नव्हती असं मला म्हणता येणार नाही. मी ती दोनदा वाचली. मग बोर्ड पत्रकासकट रद्दीच्या गठ्ठ्यात मध्ये सरकवला. रद्दी बांधणं माझं काम आहे. कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, सुतळीने फुली मारून बांधायचा आणि महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी कोपऱ्यावर ठेवायचा. मी गठ्ठा बांधला, गाठ मारली आणि मदत म्हणून भांडी घासली.

शुक्रवारी तिने विचारलं, “बोर्ड आला का रे? पत्रकात माझा फोटो येणार होता.”

“नाही आला.”

“आला की ठेव हं. आईला पाठवायचाय.”

शनिवारी चिबा-सान वाफ्याच्या टोकाला उभे राहून म्हणाले, “उद्या तुमची तोडणी नको, पाटाचं काम आहे. तुम्ही येणार की सेन्सेई?”

“बघतो,” मी म्हणालो. घरी सांगितलं, चिबा-साननी उद्या सुट्टी दिली.

“अरे वा,” नयना म्हणाली. “मग उद्या उशिरापर्यंत झोप. थकलायस.”

त्या वाक्याने मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

रविवारी साडेसहापासून मी पांघरुणात जागा होतो. छोटे ट्रक एकामागून एक जात होते, त्यांच्या हौद्यात फावडी आदळत होती. नयना खिडकीशी दात घासत उभी होती. ब्रश तोंडातच ठेवून ती म्हणाली, “सुशांत, ही माणसं फावडी घेऊन कुठे चाललीत?”

मी डोळे मिटून पडलो होतो.

“सुशांत. आज आहे वाटतं.”

तिने ओल्या केसांवर टोपी घातली, माझे गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, तिच्या पायाला दोन माप मोठे, आणि फावडं घेऊन पळाली. नवे हातमोजे ओट्यावरच राहिले. ते घेऊन मी दहा मिनिटांनी मागून गेलो. न जाऊन कसं चाललं असतं, मला बघायचं होतं.

पाटाच्या कडेला सगळी वस्ती उभी होती. वारा झाओवरून येत होता, नाकातून पाणी काढणारा. चिबा-सान यादीवर खुणा करत होते. आमच्या घरापुढे त्यांनी खूण करून वेळ लिहिलेली मी जाताच पाहिली. सात वाजून आठ मिनिटांनी आली तरी ती आली होती. माझ्या सगळ्या कारस्थानाची किंमत आठ मिनिटं.

“किकुची-सानच्या घरचं कोणी दिसत नाही,” चिबा-सान म्हणाले.

“त्या काल मुलीबरोबर सेंदाईला गेल्या.”

“पाट टाकून? साठ वर्षांत त्यांचं घर कधी चुकलं नाही.”

“बोर्ड मिळाला असेल ना?”

“शेवटचं घर त्यांचंच. तिथेच असणार.” कोणीतरी हलकेच म्हणालं, “वय झालं.” बाकीच्यांनी माना हलवल्या आणि कामाला लागले.

नयना माझ्याजवळ आली. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर चिखल. मराठीत, आवाज न चढवता तिने विचारलं, “बोर्ड आला होता?”

खरं बोलायला ती जागा वाईट नव्हती. इतर कोणाला एक शब्द कळला नसता. मी म्हणालो, “आला होता. मी वाचून पुढे आजींकडे ठेवला. तुला सांगायचं राहून गेलं.”

“परवा तू नाही म्हणालास.”

“डोक्यातच नव्हतं. पाचला उठतो मी, नयना.”

 तिने हातमोजे घेतले आणि ती पाटात उतरली. आमची हद्द संपल्यावर आजींची हद्द सुरू होते, वीसेक पावलं. ती कोण काढणार याची चर्चा व्हायच्या आत नयनाने तिथे फावडं घातलं. मग मलाही उतरावं लागलं. हिवाळाभराचा गाळ काळा आणि चिवट, फावड्याला धरून बसणारा. मी ओढायचो, ती काठावर टाकायची. पलीकडच्या बायका म्हणाल्या, सेन्सेई किती चांगल्या आहेत. सेन्सेईंचे यजमान तेव्हा कमरेत वाकून गाळ उपसत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला आजी आमच्या दारात आल्या. हातात कागदात बांधलेला खोका. त्यांना पायरी चढायला त्रास होतो, तरी त्या आत येऊन, जिथे चपला काढतात त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि कपाळ खाली नेलं. मागे त्यांची मुलगी, साठीची बाई, गाडीची किल्ली घेऊन उभी होती.

“तुम्ही माझा पाट काढलात,” आजी म्हणाल्या. “मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

नयना खाली बसून त्यांना उठवायला लागली. आजी उठेनात.

“यजमानांनी बोर्ड माझ्या दारात ठेवला, सगळे म्हणतात. मी तो घेतलाच असणार. कुठे ठेवला ते आठवत नाही. घेतल्याचंही आठवत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला आठवतं का, मी घरात होते का तेव्हा?”

“नव्हता बहुतेक,” मी म्हणालो.

मुलगी नयनाला म्हणाली, “गेल्या महिन्यात किटलीही गॅसवर राहिली होती. मी सेंदाईला एक जागा बघून ठेवली आहे, माझ्या घराजवळ, वृद्धांसाठी. आई ऐकत नव्हती. आता स्वतःच म्हणाली, बुधवारी कागद भरून येऊ.”

 आजी दर घरी गेल्या होत्या आणि दर घरी तसंच कपाळ टेकलं होतं. आमचं शेवटचं. खोक्यात तांदळाच्या पिठाची मिठाई होती, दहा तुकडे. नयनाने एक खाल्ला. न खाणं दिसलं असतं म्हणून मी दोन खाल्ले.

सोमवारी तोडणीच्या वेळी चिबा-सान शेजारच्या वाफ्यात बसले होते. म्हणाले, “किकुची-सान अजून बोर्ड शोधतायत. तांदळाची कोठीसुद्धा रिकामी केली म्हणे. तुम्ही हातात दिला होता की दारात ठेवला?”

“दारात.”

“हं,” ते म्हणाले. ते पुढच्या रोपाकडे सरकले. माझ्या बोटांनी त्या दिवशी तीन फळं चिरडली. चिबा-साननी ती उचलून बाजूला ठेवली.

मंगळवारी घरी परतताना आजींच्या अंगणात निळी ताडपत्री अंथरलेली दिसली. शेडमधलं सगळं सामान तिच्यावर होतं. कोयते, मोडक्या टोपल्या, मेलेल्या नवऱ्याचे बूट, कुठल्या तरी जुन्या निवडणुकीचे कागद. आजी मधोमध बसून एकेक वस्तू उचलत होत्या, तिच्याखाली बघत होत्या आणि दुसऱ्या बाजूला ठेवत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला. “इथे नाही,” म्हणाल्या. “पण कुठेतरी असणार. तुम्ही दिलात म्हणजे असणारच.”

मी घरात आलो. रद्दीचा गठ्ठा दाराशीच होता, उद्या बुधवार. गाठ मीच घट्ट मारली होती, नखांनी सुटेना. सुरीने कापली.

संध्याकाळी नयना आली तेव्हा बोर्ड टेबलावर होता. तिच्या बाहीला खडू लागलेला होता. तिने आधी फोटो पाहिला, हसली, मग चिठ्ठी वाचली आणि खुर्ची ओढून बसली. मी सगळं सांगितलं. गुरुवारपासून, एकेक खोटं क्रमाने. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शाळेतही ती अशीच ऐकते म्हणे, मुलं म्हणूनच तिला सगळं सांगतात.

“का केलंस?” शेवटी तिने विचारलं.

“तुझा हिस्सा जावा म्हणून.”

“माझा हिस्सा म्हणजे काय रे? ते कर्ज सुटलं की माझा पगार तुझ्या कर्जाला लावायचं ठरलंय ना आपलं?”

“ठरलंय. म्हणूनच. तेही तूच फेडणार.”

तिने चिठ्ठी पुन्हा बोर्डावर सरळ लावली.  मग ती म्हणाली, “शुक्रवारी चिबा-सान दाखल्यावर शिक्का मारणार आहेत. शुक्रवारपर्यंत थांब. शनिवारी सांगू आजींना.”

हे सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरं वाटलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या पायरीवर उतरली होती. मी लगेच म्हणालो, “हो, शनिवारी सांगू.” इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत काढला नव्हता.

नयना भाजी चिरायला उठली. अर्धा कांदा चिरला आणि सुरी खाली ठेवली. “उद्या बुधवार आहे,” ती म्हणाली. “उद्या त्या कागद भरणार.” हात न पुसताच तिने बोर्ड उचलला. “चल.”

आजींनी दार उघडलं. मी बोर्ड दोन्ही हातांनी पुढे केला आणि त्या गुडघे टेकून बसल्या होत्या तसाच, त्यांच्या फरशीवर बसलो. म्हणालो, “हा तुमच्याकडे आलाच नव्हता. मी लपवला. माझ्या बायकोचा शिक्का चुकावा म्हणून. तुम्ही काही विसरला नाहीत.”

त्यांनी बोर्ड घेतला आणि चिठ्ठीवरून बोट फिरवलं. अकराव्या चौकोनात काहीच नव्हतं. दहाव्यातही नव्हतं. त्या मला रागावतील याची मी वाट बघत होतो. त्या उठल्या, भिंतीला धरत टेलिफोनपाशी गेल्या, मुलीला फोन लावला आणि म्हणाल्या, “बोर्ड आलाच नव्हता. उद्या येऊ नकोस.” मग फोन ठेवून तिथेच, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. नयना त्यांच्याजवळ गेली. मी फरशीवरच होतो, मला कोणी ऊठ म्हटलं नाही.

तिथून चिबा-सानकडे. ते जेवायला बसत होते. त्यांच्या बायकोने आम्हाला आत बोलावलं, मी दारातच थांबलो. त्यांच्यासमोर सांगताना माझं जपानी फार शुद्ध येत होतं, आणि त्याची मला किळस आली.

सगळं ऐकून चिबा-साननी विचारलं, “सेन्सेईंना हे माहीत होतं?”

“आज कळलं,” नयना म्हणाली. “एका तासापूर्वी. आणि मी आधी म्हटलं होतं, शुक्रवारपर्यंत थांबू.”

हे सांगायची तिला गरज नव्हती. चिबा-साननी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेले. दाखला आणि शिक्क्याची डबी घेऊन आले आणि दारातल्या चपलांच्या कपाटावर कागद ठेवून शिक्का मारला.

“कागदात विचारलंय, घरचं माणूस कामाला आलं होतं का. आलं होतं. दुसऱ्याचीही हद्द काढली.” त्यांनी कागद नयनाच्या हातात दिला. मला म्हणाले, “यजमान, सकाळी पाचला या. फळ थांबत नाही. आणि बोर्डाचा क्रम बदलतो. किकुची-सान दहाव्या, तुमचं घर अकरावं. तुमच्यापुढे कोणी नको.”

एवढीच शिक्षा. घरी येईपर्यंत नयना दाखला छातीशी धरून चालत होती आणि मी दोन पावलं मागे. खाचरांत अजून पाणी नव्हतं, पाट मात्र चकचकीत साफ. तिचा तिसरा हिस्सा झाला होता. मी एवढं सगळं करूनही झाला होता. आणि मला खरं सांगायचं तर तेव्हाही आत कुठेतरी जळतच होतं.

आमच्या दारापाशी ती थांबली. “एक सांग. आजींसाठी गेलास, की चिबा-साननी माझा शिक्का नाकारावा म्हणून?”

मी विचार केला. ताडपत्री आठवली, मेलेल्या माणसाचे बूट आठवले. गाठ कापताना मनात काय होतं तेही आठवून पाहिलं. दोन्ही होतं.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“मग माहीत करून घे,” ती म्हणाली. “मला अजून अडीच वर्षं इथे शिकवायचंय.” आत जाऊन तिने उरलेला कांदा चिरायला घेतला.

मे महिन्यात खाचरं भरली, लावणी झाली. स्ट्रॉबेरी आंबट आणि बारीक व्हायला लागली, तोडणी संपत आली. एका सकाळी दहाला मी नखं घासत असताना दार वाजलं. किकुची आजी होत्या, हातात बोर्ड. तो दारात ठेवून जायची रीत आहे. त्या गेल्या नाहीत. काठी टेकून उभ्या राहिल्या.

“सुशांत-सान,” त्या म्हणाल्या.

या गावात मला पहिल्यांदा माझ्या नावाने हाक मारली गेली. नाव त्यांनी कोणाकडून तरी विचारून घेतलं असणार, आणि घोकलंही असणार.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “मी थांबते.”

गवत कापायची तारीख होती. मी ती त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवली. मग आतून आमच्या घरचा शिक्का आणला. तो नयनाच्या नावाचा आहे. अकराव्या चौकोनात मारला. आजींनी चष्मा खाली ओढून तो नीट उमटला आहे का ते पाहिलं.

“आता चिबा-सानकडे,” त्या म्हणाल्या, आणि मी बूट घालून निघेपर्यंत दारातून हलल्या नाहीत.